कॅनन १०-१८ एमएम लेन्स: तळ्याकाठच्या सनसेटसाठी घ्यावी का? रंकाळ्यावर वापरून लिहितोय

सनसेटचे फोटो काढायला आवडतात म्हणून वाईड लेन्स घ्यायची, असा विचार करून तुम्ही ही लेन्स बघत असाल तर आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, या लेन्समध्ये सूर्य जवळजवळ दिसतच नाही. म्हंजे फ्रेममध्ये असतो, पण शोधावा लागतो. लेन्सच्या एमएमचा आकडा जेवढा लहान तेवढं जास्त दृश्य फ्रेममध्ये येतं आणि त्यातली प्रत्येक गोष्ट बारीक होते. आकाशात सूर्याचं बिंब साधारण अर्ध्या अंशाचं असतं, १० एमएमला सेन्सरवर, म्हंजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, त्याची प्रतिमा मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान पडते, माझ्या कॅनन २००डी कॅमेऱ्याचा फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे त्यात सूर्य भरतो २५ पिक्सेलच्या आसपास. तोच सूर्य ५५-२५० ही लांबचं जवळ आणणारी टेली लेन्स लावून २५० एमएमला काढला तर ६०० पिक्सेलच्या वर जातो. त्यामुळं लालभडक मोठ्ठा गोळा आणि त्याच्यापुढं उडणारा बगळा असला फोटो डोळ्यासमोर ठेवून ही लेन्स घेणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी नाराज होणार, आणि मग लेन्स भंगार आहे म्हणून विकायला काढणार. लेन्स भंगार अजिबात नाही. ती सूर्यासाठी नाहीच, ती काठासाठी आहे. तुमच्या पायाजवळची ओली पायरी, तिच्यापुढचं पाणी, पाण्यापलीकडची झाडं आणि त्यावरचं सगळं आभाळ एका फोटोत आणायचं असेल तर या किमतीत कॅननच्या क्रॉप बॉडीवाल्यांना, म्हंजे लहान सेन्सरचा कॅमेरा असणाऱ्यांना, हिच्यासारखी दुसरी लेन्स नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता थोडी माहिती. पूर्ण नाव कॅनन ईएफ-एस १०-१८ एमएम एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम, २०१४ साली आली, डीएसएलआरमध्ये फक्त क्रॉप सेन्सरवाल्यांवर चालते, म्हंजे २००डी, ७०डी, ८०डी, १५००डी या घराण्यात. फुल फ्रेम, म्हंजे मोठ्या सेन्सरच्या, डीएसएलआरवर बसतच नाही. फुल फ्रेमच्या हिशोबात १६ ते २९ एमएमचा व्ह्यू मिळतो. वजन २४० ग्रॅम, फिल्टरची साईज ६७ एमएम, जवळात जवळ फोकस २२ सेंटीमीटरवर. माउंट प्लास्टिकचं आहे हे वाचून बरेच लोक नाक मुरडतात, पण एवढ्या हलक्या लेन्सला लोखंडी माउंट कशाला पाहिजे हे मला आजवर कळलेलं नाही. हिच्या आधी कॅननची १०-२२ होती, २००४ ची, तिला एफ/३.५ मिळतं (एफचा आकडा लहान तेवढा जास्त उजेड आत येतो) पण ती ३८५ ग्रॅमची आहे, फिल्टर ७७ एमएमचे लागतात आणि त्यात हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही. टोकिनाची ११-१६ एफ/२.८ तर अर्धा किलोच्या वर जाते. ज्याला रात्री तारे काढायचेत त्यानं टोकिना बघावी, त्यात वाद नाही, एफ/४.५ नं ताऱ्यांचं काम ओढूनताणूनच होणार. पण संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पाठीवरच्या सॅकमध्ये डब्याशेजारी टाकून थेट तळ्यावर जायचं असेल तर २४० ग्रॅम आणि ५६० ग्रॅम यात लै फरक पडतो, कारण जड लेन्स घरी राहते आणि घरी राहिलेल्या लेन्सनं फोटो निघत नाहीत.

मी ही वापरली ती मुख्यत्वे कोल्हापुरात, रंकाळ्यावर, थोडीफार कळंब्याला आणि राजाराम तलावावर. रंकाळा ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, शहराला चिकटून असलेलं मोठं तळं, पश्चिमेच्या काठाला शालिनी पॅलेस, १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला, त्याचा मनोरा लांबून सुद्धा ओळखू येतो, पाण्यात संध्यामठाची जुनी दगडी वास्तू, काठानं दगडी बांधकाम, आणि संध्याकाळी सगळं कोल्हापूर चौपाटीला फिरायला आलेलं. चौपाटीकडून बघताना सूर्य पाण्यापलीकडं मावळतो, हे आपलं नशीब, कित्येक तळी अशी असतात की चांगला काठ चुकीच्या बाजूला असतो आणि सूर्य पाठीमागं बुडतो.

या जागेला चित्रकारांची परंपरा पण आहे. आबालाल रहिमान, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, १९३१ साली गेले, त्यांनी कोल्हापुरातल्याच कोटीतीर्थ तलावाच्या आणि रंकाळ्याच्या परिसरात बसून पाण्याची, झाडांची, उजेडाची चित्रं काढली. टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन त्यांची चित्रं निवांत बघा, तळ्याकाठी फोटो काढणाऱ्यानं तर बघाच. एकाच पाण्याकडं पुन्हा पुन्हा जाऊन बघत राहायचं, हा आपल्या छंदाचा गाभा आहे आणि तो कॅमेरे घरोघरी यायच्या आधीपासून या गावात आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो.

आता लेन्सकडं येऊ. १० एमएमला डायगोनल कोन १०७ अंशांच्या वर मिळतो, आडवा धरला तर रुंदीत साधारण ९६ अंश. हे किती आहे ते असं बघा, कोल्हापुरात जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या उजवीकडं जवळजवळ २५ अंशावर मावळतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच डावीकडं, म्हंजे वर्षभराचं मावळतीचं येणंजाणं ५० अंशांच्या आत आहे आणि ते सगळंच्या सगळं या लेन्सच्या एका फ्रेममध्ये बसतं, वर दोन्हीकडं जागा उरते. एवढं सगळं फ्रेममध्ये येतं म्हंजे नको ते पण येतं. विजेचा खांब, होर्डिंग, कचऱ्याचा डबा, शेजारी सेल्फी काढणाऱ्याचा कोपर, तुमच्याच ट्रायपॉडचा पाय. आणि लांबचं सगळं बारीक होतं, शालिनी पॅलेस समोरच्या काठावरून १० एमएमला नखाएवढा येतो. म्हणून नवीन माणूस चौपाटीच्या कठड्याला टेकून उभं राहून उभ्या उंचीवरून फोटो काढतो तेव्हा निम्मं पोकळ पाणी, निम्मं पोकळ आभाळ आणि मधे एक काळी रेघ असा फोटो येतो, त्यात बघायला काहीच नसतं.

उपाय एकच, जवळ जा. अगदी जवळ. एखादी दगडी पायरी, काठाला अडकलेली जलपर्णी, बांधलेली होडी, पाण्यात अर्धा बुडलेला दगड, जे काय असेल त्याच्यापासून दोन फुटावर कॅमेरा न्या, गुडघ्याच्या खाली न्या. २००डी ची स्क्रीन बाहेर वळते त्यामुळं चिखलात झोपावं लागत नाही, ज्यांची स्क्रीन फिक्स आहे त्यांना मात्र पालथं व्हावं लागेल, जुनी चटई सोबत ठेवा. जवळचं एकदम मोठं होतं, मागचं लांब पळतं, आणि फोटोला खोली येते. रंकाळ्याला जलपर्णीचा त्रास वर्षानुवर्षं आहे आणि ती गेली पाहिजे याबद्दल दुमत नाही, पण काठाला चिकटलेला तिचा एखादा झुबका संध्याकाळच्या उजेडात फोरग्राउंड म्हणून फार सुंदर दिसतो हेही खरं आहे.

एक गोष्ट मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडली नाही आणि तळ्याकाठी वाईड वापरणाऱ्याला ती माहीत असायलाच हवी. पाणी आभाळाचा रंग किती परत देणार ते तुम्ही कुठल्या कोनातून बघताय त्यावर ठरतं. लांबच्या पाण्याकडं आपण तिरकं बघतो, ते आरशासारखं सगळा रंग परत देतं. पायाजवळच्या पाण्याकडं आपण वरून बघतो, ते आभाळाचा अगदी थोडा भाग परत देतं, वीसावा हिस्सा वगैरे, बाकी तळाचा गाळ नाहीतर नुसता काळोख दिसतो. साध्या लेन्समध्ये पायाजवळचं पाणी येतच नाही त्यामुळं प्रश्न येत नाही. या लेन्समध्ये कॅमेरा सरळ धरला तरी फ्रेमचा तळ ३६-३७ अंश खाली बघत असतो, म्हणून वरती केशरी पाणी आणि खालचा पाव भाग मेलेला काळा, असा फोटो येतो आणि लोक एडिटिंगमध्ये तो ओढून वर आणायचा प्रयत्न करतात, त्यातून नुसता नॉइज, म्हंजे दाणेदारपणा येतो. कॅमेरा खाली नेऊन पण हे जात नाही कारण कोन तोच राहतो. तर फ्रेमच्या तळाला पाणी ठेवायचंच नाही, तिथं दगड, पायरी, गवत, वाळू ठेवायची. पाणी फ्रेमच्या मधल्या पट्ट्यात, जिथं ते रंग देतं.

यालाच जोडून पोलरायझर, म्हंजे चकाकी कापणारा फिल्टर. तळ्यावर पोलरायझर लावा असं सगळे सांगतात. सनसेटला समोर बघून काढताना नका लावू. एक तर उजेड कमी असताना तो अजून दीडदोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हंजे उजेड निम्मा), सूर्याच्या दिशेला आभाळावर त्याचा परिणाम जवळपास शून्य असतो, आणि एवढ्या वाईड कोनात आभाळाचा एक कोपरा गडद निळा आणि बाकीचा फिका असा डाग दिसतो तो काढता येत नाही. वर पाण्यातलं प्रतिबिंबच तो खातो, जे काढायला आपण आलोय. तो कामाचा आहे दुपारी चारला, पाण्याखालचे दगड दाखवायचे असतील तेव्हा. लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना फिरत नाही त्यामुळं तेव्हा वापरायला सोपा जातो, हे चांगलंच आहे.

ग्रॅज्युएटेड फिल्टर मात्र घ्या. वरून काळा खालून पारदर्शक असतो तो. गोल, आट्याचा घेऊ नका, त्यात मधली रेघ मधेच अडकते आणि क्षितिज दरवेळी फोटोच्या मधे ठेवायला लागतं, चौकोनी काच आणि होल्डरच घ्या, ६७ ची रिंग लावून. जाड किंवा लहान होल्डर १० एमएमला कोपऱ्यात दिसतो, मग ११-१२ पर्यंत झूम करून घ्यावं लागतं, १०० एमएमवाला सपाट होल्डर असेल तर ती भानगड नाही. सॉफ्ट कडेचा घ्या कारण रंकाळ्याला पलीकडं झाडं आहेत, पॅलेसचा मनोरा आहे, समुद्रासारखी सरळ रेघ नाही. पाणी जास्त असेल तर दोन स्टॉपचा पुरतो कारण पाणी स्वतःच आभाळाचा उजेड परत देत असतं, तीन स्टॉपचा लावला तर प्रतिबिंब आभाळापेक्षा उजळ दिसायला लागतं आणि ते डोळ्याला खोटं वाटतं, निसर्गात प्रतिबिंब आभाळापेक्षा थोडं गडदच असतं. काठाचे दगड जास्त असतील तर तीनचा. मी एका कंपनीचा रेझिनचा स्वस्त सेट आधी घेतला होता, त्यातला तीन स्टॉपवाला सगळ्या आभाळाला जांभळट झाक देतो, ढगांचा केशरी रंग त्यात मरतो, व्हाइट बॅलन्स बदलून पण जात नाही कारण खालचा अर्धा फोटो मग हिरवा होतो. त्यापेक्षा फिल्टर न लावता कॅमेऱ्याचं ब्रॅकेटिंग लावा, दोन स्टॉप वर दोन खाली असे तीन फोटो, ट्रायपॉडवर, आणि नंतर जोडा. पाण्यावर लाटा असतील तर जोडताना पाणी दुहेरी, भुतासारखं दिसतं, तिथं पाणी एकाच फोटोतलं घ्यायचं.

शार्पनेसबद्दल. फ्रेमच्या मधे ही लेन्स पूर्ण उघडी असतानाच शार्प आहे, कोपरे १० एमएमला एफ/४.५ वर मऊ असतात आणि काळवंडतात, एफ/८ ला गेलं की दोन्ही गोष्टी बऱ्याच सुधारतात. मी एफ/८ ते एफ/११ च्या बाहेर फारसा जात नाही. एफ/१६ ला गेलं की सूर्याला किंवा चौपाटीच्या दिव्यांना चांदणीसारखी टोकं येतात, सात पाती आहेत म्हणून चौदा टोकं, दिसायला भारी दिसतं पण सगळा फोटो थोडा मऊ पडतो, त्यामुळं पॅलेसच्या मनोऱ्याच्या कडेनं सूर्य डोकावत असेल तेवढ्या पुरतं ते वापरावं. सूर्य थेट फ्रेममध्ये असताना या लेन्सचं काम मला किमतीच्या मानानं फारच चांगलं वाटलं, कॉन्ट्रास्ट टिकतो, क्वचित एखादा हिरवट ठिपका येतो तो सहज काढता येतो. फक्त पुढची काच स्वच्छ पाहिजे. तळ्याकाठी पाण्याचा बारीक शिंतोडा, बोटाचा डाग काहीही असलं की सूर्यासमोर ते लगेच उठून दिसतं, आणि १० एमएमला एफ/११ ला काचेवरची धूळ सुद्धा दिसू शकते. हूड बॉक्समध्ये येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, सूर्य समोर असताना त्याचा उपयोग पण नाही, मी तरी त्यावर पैसे घालू नका म्हणेन.

फोकसचं असं आहे की लेन्सवर अंतराची पट्टी नाही, आणि फोकस रिंग मोटरवर चालते, म्हंजे कॅमेरा चालू असेल तरच फिरवून काय होतं. जुन्या पद्धतीनं पट्टी बघून फोकस लावणाऱ्यांना हे खटकतं. पण १० एमएमला एफ/८ वर साधारण पाऊण मीटरवर फोकस धरला की सव्वा फुटापासून थेट पलीकडच्या काठापर्यंत सगळं शार्प येतं, एवढी सोपी गोष्ट आहे. पाऊण मीटरवरचा दगड बघायचा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हंजे स्क्रीनवर बघून, त्यावर फोकस करायचा, मग स्विच मॅन्युअलवर, आणि पुढं अंधार पडेपर्यंत फोकसला हात लावायचा नाही. लोक अनंतावर फोकस करतात आणि पुढची पायरी मऊ येते.

क्षितिज वाकतं का, तर हो, १० एमएमला क्षितिज फ्रेमच्या वरच्या किंवा खालच्या भागात ठेवलं तर किंचित बाक येतो, तळ्याचा पलीकडचा काठ धनुष्यासारखा दिसतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं त्यात या लेन्सचं प्रोफाइल, म्हंजे बाक काढणारी सेटिंग लावा, सरळ होतं. लाइटरूममध्ये पण होतं. पण कॅमेरा खाली वाकवल्यावर पॅलेसचा मनोरा आणि झाडं बाहेरच्या बाजूला कलतात ते लेन्सचं नाही, ते धरण्याचं आहे, स्क्रीनवर ग्रिड चालू ठेवा. कडेला माणसं ठेवू नका, ताणल्यासारखी दिसतात. फिरायला आलेले आजी-आजोबा फ्रेममध्ये हवे असतील तर मधल्या तिसऱ्या भागात.

स्टॅबिलायझर हा या लेन्सचा सगळ्यात कमी कौतुक झालेला भाग आहे. कंपनी चार स्टॉप म्हणते. चौपाटीवर गर्दीत ट्रायपॉड लावणं म्हंजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात काठ्या उभ्या करणं, पोरं पळत असतात, कुणी अडखळलं तर लागेल. तिथं हातात धरून, कोपर कठड्याला टेकून, १/४ सेकंदापर्यंत मला निभावतं, सगळे नाही पण बरेच फोटो शार्प येतात, आणि १/४ सेकंदात पाण्याच्या बारीक लाटा मऊ व्हायला लागतात ते रेशमी दिसणं ट्रायपॉडशिवाय मिळतं. ट्रायपॉड लावायचाच असेल तर गर्दी नसलेला काठ शोधा आणि तिथं स्टॅबिलायझर बंद करा.

वेळेबद्दल सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, कारण लेन्स कितीही चांगली असली तरी चुकीच्या अर्ध्या तासाला काढली तर काय उपयोग. आपल्याकडं सूर्य उभा खाली उतरतो, बिंब क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन मिनिटं लागतात, आणि रंकाळ्याला तर पलीकडच्या झाडांमुळं तो त्याच्याही आधी दिसेनासा होतो. सूर्य गेला की चौपाटीवरचे बहुतेक मोबाइल खिशात जातात आणि लोक भेळेच्या गाड्यांकडं वळतात. या लेन्सची खरी वेळ तिथून पुढं सुरू होते. सूर्य दिसेनासा झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी उंचावरच्या पातळ ढगांना खालून उजेड लागतो, सगळं आभाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटतं, आणि तेव्हा ९६ अंश रुंदीचा अर्थ कळतो. सूर्य फ्रेममध्ये नाही त्यामुळं उजेड-अंधारातला फरक कमी, फ्लेअरचा, म्हंजे सूर्यामुळं फोटोत पडणाऱ्या ठिपक्यांचा, प्रश्न नाही, पाणी आभाळाइतकंच रंगलेलं. असा उजेड मावळल्यानंतर वीस-बावीस मिनिटं पुरतो, मग निळं व्हायला लागतं, चौपाटीचे दिवे पाण्यात उतरतात. तो पण फोटो घ्या. आणि मधेच एकदा मागं वळून पूर्वेकडं बघा, तिथं क्षितिजावर राखाडी-निळा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा चढत असतो, त्यातला खालचा राखाडी-निळा पट्टा म्हंजे पृथ्वीची सावली आहे.

महिन्यांबद्दल माझं मत, ऑक्टोबर सगळ्यात चांगला, पाऊस नुकताच संपलेला, हवा धुतलेली, तळं भरलेलं, वर पातळ ढग. मे महिन्यात वळवाच्या आधी जे उंच ढग उठतात त्यांची एक संध्याकाळ बाकीच्या पंधरा सुन्या संध्याकाळींचं पैसे वसूल करते, पण वीज कडाडायला लागली की पाण्याकाठी लोखंडी ट्रायपॉड घेऊन उभं राहू नका, सरळ घरी जा. डिसेंबर-जानेवारीत वारा पडलेला असतो, पाणी स्थिर, प्रतिबिंब अप्रतिम, पण ढग नसतात, गुऱ्हाळं-कारखाने चालू असतात, क्षितिजाजवळ धुरकट थर असतो, सूर्य बुडण्याआधीच त्यात विरघळतो. त्या दिवसांत मी वाईड ठेवून ५५-२५० काढतो, धुक्यातला लाल गोळा आणि पुढं संध्यामठाची काळी आकृती, ते टेलीचंच काम. पॅलेसच्या मनोऱ्यामागं सूर्य धरायचा असेल तर उन्हाळ्याकडं जाताना सूर्य रोज थोडा उजवीकडं सरकतो, म्हणून तुम्ही काठानं डावीकडं सरकत जायचं, पावसाळ्यानंतर उलट.

मोबाइलमध्ये वाईड आहे की, मग ही कशाला, असं मला चौपाटीवर कायम विचारतात. दुपारी मोबाइल पुरतो, मनापासून सांगतो. पण सूर्य गेल्यानंतरच्या त्या वीस मिनिटांत मोबाइलची वाईड लेन्स, तिचा सेन्सर छोटा असतो, अंधाऱ्या भागात तपशील पुसून टाकते आणि सॉफ्टवेअर सगळं उजळ करून संध्याकाळची दुपार करतं. ओल्या पायरीवरची शेवाळाची पोत, पाण्यातली काळी-केशरी रेघ, हे पाहिजे असेल तर मोठा सेन्सर लागतो. फोटो फक्त स्टेटसला टाकायचे असतील तर खर्च करू नका.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. ज्याच्याकडं अजून ट्रायपॉड नाही त्यानं आधी ट्रायपॉड घ्यावा. ज्याला पक्षी आणि सूर्याचा गोळा हवाय त्यानं ५५-२५० घ्यावी, ३७५ ग्रॅमची आहे, स्वस्त आहे, फारच चांगली आहे. जे लवकरच मिररलेसला (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडं) जाणारेत त्यांनी थांबावं, त्या कॅमेऱ्यांसाठी कॅननची आरएफ-एस १०-१८ आली आहे २०२३ ला, १५० ग्रॅमची, फिल्टर ४९ एमएमचे, जुनी लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर व्यवस्थित चालते पण अडॅप्टर आणि जास्तीचं वजन सांभाळत नवीन माणसानं जुनी घेण्यात अर्थ नाही. फिल्टरचं मात्र एक करा, काहीही घेतलं तरी फिल्टर ६७ चे घ्या आणि कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्ससाठी ५८ ते ६७ ची स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी) घ्या, तीच ५५-२५० ला पण चालते.

डीएसएलआरवाल्यांनी ही सेकंडहँडच घ्यावी असं मी म्हणेन, लोक मिररलेसला चाललेत त्यामुळं बाजारात भरपूर आहेत. घेताना दोन गोष्टी बघा. १० एमएमला एफ/४.५ वर विटांच्या भिंतीचा सरळ समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा, चारही सारखेच मऊ असतील तर ठीक, एकच कोपरा फार खराब असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे, सोडून द्या. आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं तिरका मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक पांढरी नक्षी दिसली तर बुरशी, कितीही स्वस्त देत असले तरी नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार होतं, कोकणात आणि गोव्यात तर अजून. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की कोरड्या करून घ्या, कापडी बॅगेत कपाटात कोंबून ठेवू नका, आणि जून ते सप्टेंबर पाऊस उघडेल त्या संध्याकाळी तिला बाहेर काढत जा, वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.